सगळ्यात मोठा पैलवान कोण?

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. हल्ली तो संध्याकाळी मुष्टियुद्धाच्या क्लासला जातो. (त्याची आई ह्याला ‘पैसे देऊन मार खाणे’ म्हणते.) इकडचे तिकडचे काही न बोलता एकदम प्रश्न: “आबा, सगळ्यात मोठा हेवीवेट चॅम्पियन कोण? मोहम्मद अली की रॉकी मार्सियानो?”

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. अलीचे नाव ठाऊक होते, मार्सियानोचे नव्हते. मग त्याने आकडे वाचून दाखवले. मार्सियानो: लढती ४९, विजय ४९, त्यातले ४३ नॉकआउट. अली: लढती ६१, विजय ५६, पराभव ५. “म्हणजे मार्सियानोच ना आबा? त्याच्या पराभवाच्या रकान्यात भोपळा आहे!”

पस्तीस वर्षे गुणपत्रके भरली मी. भोपळा हा मानाचा आकडा असू शकतो हे सत्तरी ओलांडल्यावर कळले.

मी म्हटले, थांब, वाचून सांगतो. आणि मंडळी, खरोखरच चार-पाच दिवस वाचत बसलो. मार्सियानोच्या त्या ४९ विजयांत एक विजय जो लुईवरचा आहे, १९५१ सालचा. हा लुई म्हणजे १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता आणि त्याने पंचवीस वेळा आपला किताब राखला होता. मार्सियानोपुढे तो उभा राहिला तेव्हा सदतिशीचा होता, आयकराची थकबाकी डोक्यावर होती म्हणून परत रिंगणात उतरलेला. तक्त्यात मात्र नुसते ‘विजय १’. इकडे अलीने १९६७ साली व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिला, तर त्याचा किताब काढून घेतला आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्याला खेळू दिले नाही. परत आल्यावर १९७१ मध्ये फ्रेझरकडून हरला. तोही ‘पराभव १’. त्याच्या पाचांतले शेवटचे दोन पराभव तर अडतिशी-एकोणचाळिशीतले आहेत, हात-पाय ऐकेनासे झाल्यावरचे. मार्सियानो १९५६ साली वेळेवर घरी बसला. शहाणा माणूस! पण घरी कधी बसावे ह्याची अक्कल आणि पैलवानकी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळे मी नातवाला सांगणार होतो. पण मनात दुसरेच सुरू झाले. लहानपणी असाच प्रश्न मी माझ्या मामांना विचारला होता.

आमचे मामा अकोटकडचे. आखाड्यात मेहनत केलेले गडी. आपल्या वऱ्हाडात तालीम हा शब्द कमी, आखाडाच म्हणायचे. नागपंचमीला, पोळ्याच्या करीच्या दिवशी, गावच्या यात्रेला दंगल असे. बक्षीस म्हणजे नारळ, फेटा आणि फार झाले तर चांदीचे कडे. मी चौथी-पाचवीत असेन. वहीत लिहून घ्यायच्या तयारीने त्यांना विचारले, “मामा, तुम्ही एकूण किती कुस्त्या जिंकल्या?” मामा हसले. म्हणाले, “मोजल्या कोनं रे पोट्टया? नारय खाल्ले, करवंट्या कोन ठेवते?”

माझ्या वहीचे ते पान कोरे राहिले.

नातवाला हे सांगितले असते तर तो म्हणाला असता, रेकॉर्ड नाही म्हणजे तुलना नाही. अर्धे खरे आहे त्याचे. कुस्तीचा हिशेब ठेवणे मुळातच अवघड. मुष्टियुद्धात फेऱ्या ठरलेल्या, पंच ठरलेले, काहीतरी निकाल लागतोच. मातीतली जुनी कुस्ती दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत चालायची. लागलेच नाहीत तर तास-दीड तासाने मोठी माणसे मध्ये पडून बरोबरीत सोडवायची. आता ‘बरोबरी’ ह्या एका शब्दात काय काय मावते बघा. थोरल्या गामा पैलवानाचे उदाहरण सगळ्यांत प्रसिद्ध. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को ह्यांची कुस्ती अडीच तासांच्या वर चालली आणि अनिर्णित राहिली. कारण काय, तर झिबिस्को पालथा पडून जमिनीला चिकटून राहिला. उठेच ना! पुढच्या कुस्तीची तारीख ठरली त्या दिवशी तो आलाच नाही. मग १९२८ साली पतियाळ्याला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने एक मिनिटाच्या आत त्याला चीत केले. तक्त्यात बघाल तर एक बरोबरी आणि एक विजय. अडीच तास पालथ्या माणसाच्या पाठीवर जोर करत राहणे आणि मग अठरा वर्षे वाट पाहणे, हे तक्त्यात कुठे बसवणार?

तरी यादी ही चीज मोहात पाडतेच. मीही शेवटी कागद घेऊन बसलो. मुष्टियुद्धातले जगज्जेते राहोत बाजूला, आपला सगळ्यात मोठा किताब म्हणजे महाराष्ट्र केसरी. १९६१ साली औरंगाबादला तो सुरू झाला, पहिला मान दिनकर दह्यारींचा. ह्या यादीत आपल्या वऱ्हाडची गावे आहेत हे तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९६४ साली ही स्पर्धा अमरावतीला झाली, गणपत खेडकर जिंकले. १९६७ साली खामगावला, चंबा मुतनाळ जिंकले. १९७३ साली अकोल्याला, लक्ष्मण वडार जिंकले. गंमत म्हणजे हे तिघेही लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. खेडकर पुढच्या वर्षी नाशिकला, मुतनाळही पुढच्याच वर्षी, आणि वडार आदल्या वर्षी कोल्हापूरला.

१९६४ साली मी नववीत होतो. परीक्षेच्या नावाखाली वडिलांनी जाऊ दिले नाही, त्याचा राग मी बरीच वर्षे धरून होतो. अकोल्याच्या वेळी नुकता नोकरीला लागलो होतो, स्वतःच्या पैशाने गेलो. खरे सांगायचे तर कुस्ती दिसली नाही, डोकी दिसली. पुढच्या माणसाचा फेटा अजून आठवतो. मधेच सगळा समाज एकदम उभा राहिला, आरडाओरड झाली, आणि शेजारचा माणूस मला मिठी मारून नाचायला लागला. कोण जिंकले हे मी त्यालाच विचारले. त्यालाही माहीत नव्हते!

तर ह्या यादीत वरचा नंबर कोणाचा? आकड्यांनी पाहिले तर नरसिंग यादव (२०११, २०१२, २०१३) आणि विजय चौधरी (२०१४, २०१५, २०१६), तीन-तीन वेळा. नरसिंगचे मला विशेष वाटते. ह्या किताबासाठी तो आपल्यापेक्षा कितीतरी वजनदार गड्यांशी भिडला, आणि २०१५ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणले ते ७४ किलो गटात. पण मग मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की आमच्या लहानपणी ज्यांच्या नावाने पोरे दंड मारायची ती नावे तिच्यात नाहीतच. श्रीपती खंचनाळे नाहीत. गणपतराव आंदळकर नाहीत. मारुती माने नाहीत. ही मंडळी हिंद केसरी. खंचनाळे १९५९ साली दिल्लीत बनतासिंगला हरवून झाले, आंदळकर १९६० साली, माने १९६४ साली. महाराष्ट्राच्या मोठ्या पैलवानांची यादी करायची आणि त्यात हे तिघे नाहीत, म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसती चंद्रभागा पाहून परत येण्यासारखे झाले.

ह्या तिघांत आंदळकर आणि माने ह्यांची तुलना मला फार आवडते. दोघेही सांगली जिल्ह्यातले. आंदळकर पुनवतचे, माने कवठेपिरानचे. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघे गेले. माने ९७ किलो गटात, आंदळकर त्याच्याही वरच्या, म्हणजे सगळ्यात वजनदार गटात. माने ह्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवले आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांनी बरोबर उलट केले, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. हिशेबाने दोघे सारखे. पण ग्रीको-रोमन म्हणजे काय ते बघा. त्यात कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा वापर नाही. आपली मातीतली कुस्ती अर्धी पायांवर चालते. पट काढणे, टांग मारणे, ढाक, सगळे पायांचेच. अशा मातीत वाढलेल्या गड्याचे अर्धे डाव काढून घ्यायचे आणि मग त्याला परदेशात उभे करायचे. एखाद्या कीर्तनकाराला सांगावे की आज टाळ-मृदंग नाही, अभंगही नाही, करा सुरू. त्याने तरी सुवर्णपदक आणले! म्हणून माझे मत आंदळकरांकडे झुकते. (सांगलीकडचे वाचक भांडतील. दोघेही तुमचेच आहेत, आपसात काय ते मिटवा.)

आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पुढे काय उरले. आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. दादू चौगुले त्यांचा पठ्ठा. तो १९७० आणि १९७१ चा महाराष्ट्र केसरी, १९७३ साली रुस्तम-ए-हिंद, आणि १९७४ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जालन्याला बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला हरवून गदा घेतली. हा मूळचा करमाळा तालुक्यातला, काही काळ आंदळकरांच्या हाताखाली घडलेला, आणि त्या वेळी खेळत होता बुलडाणा जिल्ह्याकडून. वर्तमानपत्रात मथळा आला, बुलडाण्याचा मल्ल महाराष्ट्र केसरी! आमच्या घरी पेढे आणले. पोरगा सोलापूरकडचा, विद्या कोल्हापूरची, आणि नाव वऱ्हाडच्या जिल्ह्याचे. यादीच्या रकान्यात एकच शब्द मावतो, ‘बुलडाणा’. आम्ही तेवढ्यावर खूश झालो. खोटे कशाला बोलू?

आता मला ज्याने खरोखर कोड्यात टाकले ते सांगतो. हरिश्चंद्र बिराजदार, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरी, १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले होते. सत्पाल म्हणजे त्या काळचा उत्तरेतला बलदंड मल्ल, पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलोचे सुवर्ण घेणारा. आमच्याकडे त्या विजयाची चर्चा पानठेल्यावर कितीतरी दिवस चालायची. म्हणजे बिराजदार मोठे, प्रश्न मिटला. पण पुढे सत्पालने दिल्लीत छत्रसाल स्टेडियममध्ये पोरे घडवायला घेतली. तिथून सुशीलकुमार निघाला, २००८ चे ऑलिंपिक कांस्य आणि २०१२ चे रौप्य. तिथूनच रवी दहिया निघाला, टोकियोचे रौप्य. हरलेल्या माणसाच्या आखाड्यात ऑलिंपिकची पदके आली. मग मोठा कोण? बिराजदारही गप्प बसले नव्हते म्हणा. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी कितीतरी मुले तयार केली. राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा, २०१८ चे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ चे जागतिक कांस्य. बिराजदार ते बघायला नव्हते, २०११ सालीच गेले.

ह्या राहुलचे वजन किती? राष्ट्रकुलला ५७ किलो, जागतिक स्पर्धेत ६१. इथे मी पेन खाली ठेवले. कारण ५७ किलो म्हटले की खाशाबा जाधव आठवणारच. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले ते ह्याच वजनाच्या गटात. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यानंतर कुस्तीत ऑलिंपिक पदक यायला छप्पन्न वर्षे लागली. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आंदळकरांना तो १९६४ सालीच मिळाला होता. मी आंदळकरांचा चाहता आहे हे वर सांगितलेच, पण हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर मला बरे वाटले नाही. आपल्याला मोठ्या देहाचे भारी वेड. गदा खांद्यावर शोभली पाहिजे, फोटो भरून आला पाहिजे. ५७ किलोच्या माणसाला हत्तीवर बसवले तर तो दिसायचा कुठे?

(अकोल्याचेच पाहा. आज तिथे मुष्टियुद्धात पोरे चांगली तयार होतात. बुलडाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथूनच पुढे आला आणि २०१९ साली इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्ण घेतले. त्याचा गट ५२ किलो! नातवाला विचारले, अनंता चोपडे माहीत आहे का? नाही. मार्सियानोचे ४३ नॉकआउट पाठ आहेत.)

आणखी एक गोष्ट कोणत्याही यादीत येत नाही, ती आपल्या अमरावतीची. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. गावात त्याला अजूनही हनुमान आखाडाच म्हणतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. पण मला त्याहून मोठे वाटते ते वेगळेच. मी ज्या ज्या शाळेत नोकरी केली तिथला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हटकून अमरावतीचा शिकलेला असे. पहाटे मैदानावर चुना टाकणारा, पोरांना लेझीम शिकवणारा, स्वतःच्या खिशातून मलमपट्टी आणणारा माणूस. असे किती असतील? ह्यांचा हिशेब मामांच्या करवंट्यांसारखाच.

शेवटी नातवाला माझा क्रम लिहून पाठवला. मुष्टियुद्धात अली पहिला, लुई दुसरा. मार्सियानो तिसरा, कारण त्याला कोणी हरवलेच नाही, त्यामुळे हरल्यावर तो पुन्हा उभा राहिला असता की नाही ते कळत नाही. कुस्तीत खाशाबा पहिले, आंदळकर दुसरे, आणि बिराजदार-सत्पाल जोडीने तिसरे. नातवाचे उत्तर लगेच आले: “आबा, खाशाबा हेवीवेट नाहीत. डिसक्वालिफाय. आणि जोडीने नंबर देता येत नाही.” मी लिहिले, शाळेत देत होतो. त्यावर त्याने विचारले, आंदळकर आयुष्यात एकूण किती कुस्त्या हरले? आकडा कुठे आहे? मी म्हटले, असा आकडा कोणी लिहून ठेवलेला नाही. मग तुलना अपुरी आहे, असे त्याचे म्हणणे. २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत कॅमेरे होते, पंच होते, गुणफलक होता, तरी कोण जिंकले ह्यावरून किती गदारोळ झाला हे त्याला आठवण करून दिले. त्यावर एक हसरा चेहरा आला. हे असे चेहरे पाठवले की वाद संपला असे समजायचे, असे सुनेने सांगितले.

वाद संपला नव्हता. रविवारी पुन्हा फोन. त्याने आता स्वतःच एक यादी करायला घेतली आहे, आपल्या घराण्यातल्या खेळणाऱ्या माणसांची. आत्याबाईंचे खोखो, काकांचे क्रिकेट, त्याचे स्वतःचे तीन सामने (दोन पराभव, एक बरोबरी). त्यात मामांचेही नाव घातले आहे. “आबा, मामाआजोबांच्या नावापुढे काय लिहू?”

मामा जाऊन आता चाळीस वर्षे होत आली. त्यांचा एकच फोटो मी पाहिलेला आहे. फेटा बांधलेला, छाती पुढे, हातात नारळ, आणि बाजूला हरलेला गडीही तसाच ऐटीत उभा. दोघांत जिंकलेला कोण हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तो फोटो अकोटच्या घरी देवघराच्या भिंतीवर होता. वाडा विकला तेव्हा तो कोणी नेला हे मला माहीत नाही. ही ओळ अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या आपल्यापैकी कोणी वाचत असेल आणि फोटो त्यांच्याकडे असेल, तर कृपया कळवावे. मूळ फोटो नको, मोबाइलवर काढून पाठवला तरी चालेल. मागे काही लिहिले असेल तर त्या बाजूचाही पाठवा.